कालीचं निरसं दूध

आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी माझ्याकडे दरवर्षी लेख मागितला जातो आणि मी दरवर्षी तब्येतीचं कारण सांगतो. यंदा मीच संपादक अनघाताईंना फोन केला. त्या कोलकात्यात बदलून आल्या त्याला चारच वर्षं झाली आहेत. विषय काय, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "सतरा वर्षांपूर्वी आपल्या गणपतीत वाटलेलं पंचामृत."

"काका, पाककृतींची पानं भरली हो," त्या म्हणाल्या.

जुन्या सभासदांना मात्र विषय कळला असेल. त्यांच्या दंडांनी तो पाच-पाच सुयांनी लक्षात ठेवला आहे. पण त्यांना जे ठाऊक आहे ते अर्धंच आहे, आणि उरलेलं अर्धं मी दडवून ठेवलं होतं.

मी पशुवैद्य. तरी जित्या जनावरांशी माझा संबंध कमीच आला. नोकरीची बहुतेक वर्षं सरकारी प्रयोगशाळेत मेलेल्या जनावरांचे मेंदू तपासण्यात गेली. कुत्रं कुणाला चावलं आणि नंतर मेलं, गाय विचित्र वागून मेली, की तिचं डोकं बर्फात घालून आमच्याकडे येई. आम्ही कवटी उघडायचो, मेंदूच्या ठरावीक भागांचे छोटे तुकडे काचपट्टीवर दाबायचो, त्यावर चमकणारा रंग घालून अंधाऱ्या खोलीत सूक्ष्मदर्शकाखाली बघायचो. काळ्या पार्श्वभूमीवर हिरवे ठिपके लुकलुकले की रेबीज. दिसायला फार सुंदर असतं ते. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला कार्तिकातल्या दिव्यांची आठवण झाली होती, आणि तशी ती झाल्याची लाजही वाटली होती.

डोकी आणणारी माणसं नाना तऱ्हेची. बराकपूरचे एक गृहस्थ कुत्र्याचं डोकं रसगुल्ल्याच्या मातीच्या हंडीत बर्फ भरून घेऊन आले होते. सियालदापर्यंतच्या गाडीत शेजारच्यांनी त्यांना तीनदा विचारलं, दादा, कुठल्या दुकानातले? गृहस्थ इतके सभ्य की दुकानाचं नाव सांगून मोकळे झाले. बालीगंजच्या एक वृद्ध बाई तीन दिवस रोज निकाल विचारायला येत. त्यांचा अकरा वर्षांचा पाळीव कुत्रा त्यांना चावून मेला होता. रेबीज नव्हता. मी आनंदाने सांगितलं, तर त्या बाकावर बसून रडायला लागल्या. "मग तो मला चावला का?" एवढंच विचारलं. आजार असता तर त्यांनी त्याला माफ केलं असतं.

या आजाराबद्दल दोन गोष्टी सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. हा विषाणू रक्तातून धावत नाही. चावल्या जागेच्या मज्जातंतूत शिरतो आणि त्याच्या कडेकडेने, मुंगीच्या पावलांनी, मेंदूकडे चालत जातो. कधी तीन आठवडे, कधी तीन महिने, क्वचित वर्षही. तो वाटेत असेपर्यंत लस त्याला गाठू शकते. मेंदूत पोचला की कुणाच्याच हातात काही राहत नाही. मेंदूतून तो पुन्हा बाहेर निघतो, लाळेत उतरतो, आणि दुसऱ्या जनावराची वाट बघतो.

दुसरी गोष्ट गाईची. कुत्रं पिसाळलं की ते चावत सुटतं, म्हणून लोक ओळखतात. गाय बहुधा चावत नाही. तिचा घसा लुळा पडतो. चारा तोंडात तसाच राहतो, लाळेच्या तारा लोंबतात, हंबरडा घोगरा होतो. बघणाऱ्याला वाटतं, घशात काहीतरी अडकलंय. आणि चांगला पशुवैद्य असेल तर तो बाह्या सरसावून तिच्या घशात हात घालतो. लाळ गाळणाऱ्या गाईच्या तोंडात हात घालण्याआधी दहा अंक मोजा आणि रेबीज आठवा, असं मी नव्या मुलांना दरवर्षी शिकवत असे. टाळ्या घेणारं वाक्य होतं ते.

आता रामसेवक. बजबजच्या बाजूला, तागाच्या एका गिरणीमागे त्याचा पाच गाईंचा गोठा होता. मूळचा बिहारचा. पहाटेच्या गाडीने कॅन घेऊन बालीगंजला उतरायचा आणि आमच्या भागातली तिसेक घरं करायचा. त्यातली निम्मी मराठी. पिशवीच्या दुधाला साय धरत नाही, या एका मुद्द्यावर इथल्या साऱ्या मराठी बायकांचं एकमत होतं. माझी बायको मालती त्यांत पुढे.

त्या वर्षी मंडळाच्या गणपतीत सत्यनारायणाची तयारी आमच्याकडे होती. पंचामृताला निरसं दूध हवं. तापवलेलं चालत नाही, पिशवीतलं तर नाहीच. आदल्या दिवशी सकाळी मालती मोदकांसाठी नारळ खवत होती आणि मी तिला मदत करत होतो, म्हणजे खवणीवर बोट कापून घेत होतो, तेवढ्यात रामसेवकचा फोन आला. त्या दिवशी तो रतीबाला आलाच नव्हता, दूध मुलाबरोबर पाठवलं होतं. त्याची गाय काली खात नव्हती, लाळ गाळत होती. जरा येऊन बघाल का, असं अजिजीने म्हणाला. मालतीने ऐकलं आणि म्हणाली, जाताच आहात तर उद्याचं तीन लिटर दूध तिथूनच घेऊन या, उद्या पहाटे त्याच्या गाडीचा भरवसा नको.

म्हणजे मी गाय बघायला गेलो आणि दूध आणायलाही गेलो. दोन्हींत दुधाची घाई जास्त होती.

काली खाली मान घालून उभी होती. लाळ जमिनीपर्यंत. दाव्याला ओढ देऊन एकदा हंबरली, फाटक्या बिगुलासारखी. रामसेवक म्हणाला, "डाक्टर बाबू, महीना भर पहले एक पागल कुत्ता घुसा था. यहाँ नोचा था," आणि त्याने तिच्या नाकपुडीजवळचा भरलेला व्रण दाखवला.

सगळं समोर होतं. व्रण, लाळ, आवाज, आणि मालकाची साक्ष. मी व्रण पाहिला आणि म्हटलं, हा तर बरा झालाय. तिथे उकिरड्यावर दाणे खाऊन टाकलेल्या कणसांचा ढीग होता. मी ठरवून टाकलं की कणीस अडकलंय. दहा अंक मोजले नाहीत. त्याला जबडा धरायला लावला आणि कोपरापर्यंत हात आत घातला. हातमोजा नव्हता. बोट सकाळीच कापलेलं. काही सापडलं नाही. "खाली सरकलं असेल," असं सांगितलं, तेल पाजायला सांगितलं, आणि पंपावर हात धुतले.

मग दूध मागितलं. चार गाईंचं दूध शहरात गेलं होतं. एक कॅन कोपऱ्यात झाकून ठेवलेला दिसला. रामसेवक म्हणाला, "वो काली का है. हम अलग रखे हैं. आज मत लीजिए, बाबू. भगवान का काम है."

मी हसलो. तो पुन्हा नको म्हणाला. मी म्हटलं, "डाक्टर हम हैं कि तुम?"

हे वाक्य मी सतरा वर्षं कुणालाही सांगितलं नाही. मालतीलासुद्धा नाही. तो दोनदा नको म्हणाला आणि मी ते दूध त्याच्याच कॅनमधून, माझ्या हाताने, बालीगंजला आणलं. दुसऱ्या दिवशी त्रेसष्ट माणसांनी ते तीर्थ म्हणून घेतलं. काहींनी दोनदा. मालतीचं पंचामृत चांगलं होतं.

तिसऱ्या दिवशी काली मेली. फोनवर ते ऐकताना माझं कापलेलं बोट आपोआप मुठीत गेलं. मी त्याला डोकं पाठवायला सांगितलं. कवटी मी स्वतः उघडली. अंधाऱ्या खोलीत काचपट्टी सरकवली. हिरवे ठिपके इतके होते की मोजायची गरज नव्हती.

यानंतर जे केलं त्यातलं निम्मं बरोबर केलं. तासाभरात मंडळाच्या चिटणिसांना गाठलं. ते कर्णिक, आता हयात नाहीत. संध्याकाळी सभागृहात सगळे जमले. मी उभा राहिलो आणि सांगितलं की ज्या गाईचं दूध आपण घेतलं ती रेबीजने मेली. दुधातून कुणाला हा रोग झाल्याचं माझ्या पाहण्यात नाही, उकळलेलं असतं तर विचारही करावा लागला नसता, पण निरसं होतं, आणि या आजारात 'बहुतेक नाही' वर कुणी झोपू नये. सगळ्यांनी लस घ्यायची. पोटात चौदा का, असं एका आजोबांनी विचारलं. ते दिवस गेले, आता दंडात पाच, असं सांगितल्यावर सभागृहात पहिल्यांदा कुणीतरी श्वास सोडला. एक नवी सून गरोदर होती, ती भिंतीला टेकून उभी होती. तिलाही लस चालते, चालतेच, हे मी तिच्या सासूला चार वेळा समजावलं.

मग कुणीतरी विचारलं, "दूध कुणाचं होतं?"

मी म्हटलं, "रामसेवकच्या गोठ्यातलं."

हे खरं होतं. तेवढंच बोलून मी थांबलो. मागून कुणी म्हणालं, "आजारी गाईचं दूध देवाला दिलं हरामखोराने." दुसरं कुणी म्हणालं, "पैशासाठी काहीही करतात." माझ्याकडे सगळे बघत होते. मी पाण्याचा ग्लास उचलला आणि प्यायलो. मला खूप तहान लागली होती असं तेव्हा मी स्वतःला सांगितलं.

दोन दिवसांत त्याची तीसही घरं सुटली. मराठी घरांतून बातमी बंगाली शेजाऱ्यांकडे गेली, तिथून त्याच्या वस्तीत. उरलेल्या चार गाईंना लस द्यायला मी एका सहकाऱ्याला पाठवलं होतं. गाईंची आठवण झाली मला.

त्यानंतर रामसेवक माझ्या दारात आला. मी अंगात नुसती बंडी घालून होतो. आम्ही प्रयोगशाळेतले लोक आधीपासून लस घेतलेले असतो, आम्हाला दोनच सुया पुरतात. त्यातली दुसरी घेऊन नुकताच आलो होतो. त्याने चपला खाली पायरीपाशीच काढल्या होत्या. आवाज चढवला नाही.

"एक बार बोल दीजिए, बाबू, कि हम मना किये थे," तो म्हणाला. "और कुछ नहीं चाहिए."

मी म्हटलं, लोक विसरतील, चार दिवस जाऊ दे. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या दंडाकडे, आणि तो जिना उतरून गेला. मी दार लावलं आणि ते लागल्याचं मला बरं वाटलं.

सातव्या दिवशी मंडळींची तिसरी सुई होती. मी यादी घेऊन दवाखान्यात नावांवर खुणा करत बसलो होतो. परिचारिका बंगाली, वयाने मोठ्या, सुई भरता भरता त्यांनी सहज विचारलं, "आर गोयाला? तार बाडीर लोक?" आणि गवळी? त्याच्या घरचे?

मी यादी खालपासून वरपर्यंत पाहिली, जणू त्याचं नाव तिथे असणारच. त्रेसष्ट नावं होती. ज्याने माझ्यासाठी तिचा जबडा दोन्ही हातांनी उघडून धरला, ज्याचे हात लाळेने भरले, ज्याने नंतर दोन दिवस तिला तेल पाजलं, तेही मी सांगितलं म्हणून, त्याचं नाव नव्हतं. चमचाभर दूध घेतलेल्यांना मी सभागृहात गोळा केलं होतं. सगळ्यांत धोक्यातला माणूस माझ्या दारात उभा होता, आणि मी त्याला लोक विसरतील असं सांगून पाठवलं.

आठव्या दिवशी मी बजबजला पोचलो. गोठा रिकामा होता. वस्तीवर ज्यांचा शब्द चालतो त्या क्लबच्या लोकांनी त्याला हलायला सांगितलं होतं. गाई कुठे नेल्या, तो कुठे गेला, कुणाला ठाऊक नव्हतं. गावी गेला असेल, म्हणाले.

हा आजार किती दिवस वाट बघतो ते मी वर लिहिलंय. पहिल्या वर्षी मी रोज मोजलं. मंडळाच्या प्रत्येक माणसाला फोन करून 'कसं काय' विचारायचो. सगळे ठणठणीत. त्या सुनेला मुलगा झाला, पेढे आले. लोक म्हणायचे, दातारकाका किती काळजी करतात. ज्याच्याबद्दल विचारायचं होतं त्याचा पत्ता नव्हता.

पुढच्या गणपतीत मंडळाने मला शाल आणि नारळ दिला. वार्षिक अहवालात एक वाक्य छापलं: 'गवळ्याच्या हलगर्जीपणामुळे ओढवलेल्या प्रसंगात डॉ. दातार यांनी दाखवलेल्या तत्परतेमुळे सर्व सभासद सुरक्षित राहिले.' मी शाल पांघरून घेतली. घरी आल्यावर मालतीने ती घडी करून कपाटाच्या तळाशी ठेवली. रामसेवकने दूध वेगळं ठेवलं होतं हे तिला ठाऊक नव्हतं, पण मी कॅन माळ्यावर का ठेवलाय, धूत का नाही, टाकत का नाही, हे तिने कधी विचारलं नाही.

बालीगंज स्टेशनवर सकाळी गवळी उतरतात. मी निवृत्त झाल्यावर, महिन्या-दोन महिन्यांनी, तिथे जाऊन विचारायचो. रामसेवक? गावी गेला. कुठलं गाव? माहीत नाही. बरा आहे ना? यावर ते कॅन उचलून चालू लागायचे. त्यांच्या गप्प राहण्याचा मी एकच अर्थ लावला, आणि तो अर्थ घेऊन मी म्हातारा झालो.

या वर्षी उन्हाळ्यात मी असाच बाकावर बसलो होतो. त्यांच्यातला एक जण, आता काम सोडलेला, नातवाबरोबर चालला होता. मला पाहून थांबला. "आप अभी भी पूछते हैं?" म्हणाला. मी मान हलवली. तो म्हणाला, "अरे, वो तो यहीं है. बजबज में. बोला था, डाक्टर को पता मत देना."

मी त्याला पुन्हा विचारलं. जिवंत आहे? तो वैतागला. जिवंत नाही तर काय, गेल्या आठवड्यात भांडला माझ्याशी, म्हणाला.

एका मुलीने पाण्याची बाटली पुढे केली, म्हणजे माझा चेहरा काहीतरीच दिसत असावा. इतकी वर्षं गवळ्यांच्या एका अख्ख्या गाडीने मला फसवलं होतं, आणि एवढं चांगलं फसवणं माझ्या वाट्याला कधी आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी माळ्यावरचा कॅन काढला, घासला. मालतीला सगळं सांगितलं, 'डाक्टर हम हैं कि तुम' सकट. तिने कॅन उलटून आत पाहिलं. मग म्हणाली, "पंचामृत मी ढवळलं होतं. मीही येते." मी म्हटलं, आधी मला जाऊ दे.

रामसेवकचं नवं ठिकाण जुन्यापासून अर्ध्या तासावर आहे. तीन गाई. तो वाळलाय, डोळ्यात मोतीबिंदू आहे. मी दिसलो तेव्हा उठला नाही. कॅन हातात घेतला, उलटसुलट केला आणि म्हणाला, "ढक्कन?"

झाकण सापडलं नव्हतं. मी तसं सांगितलं. तो म्हणाला, झाकणाशिवाय कॅनचं काय करायचं. मग त्याने मला खाट दाखवली.

मी पहिला प्रश्न विचारला तो सुईचा. तो हसला, दात थोडेच उरलेत. त्याने सांगितलं ते असं: त्या दिवशी माझ्या दारातून निघताना त्याने माझ्या दंडावर चिकटवलेला कापूस पाहिला. जिना उतरताना मनात आलं, जी सुई डॉक्टर स्वतः घेतो ती नुसती पंचामृतवाल्यांसाठी नसणार. तो तसाच सरकारी दवाखान्यात गेला, बायकोला आणि मुलालाही बोलावून घेतलं. तिघांच्या पाचही सुया झाल्या. "आप कुछ नहीं बोले," तो म्हणाला, "आपका हाथ बोल दिया."

मी रडलो. त्याने ते गाईकडे बघत निभावून नेलं.

मग मी हा लेख, जाण्याआधी लिहून झाला होता तिथपर्यंत, त्याला हिंदीत सांगत वाचून दाखवला. दोन दुरुस्त्या त्याने केल्या. पागल कुत्रा महिन्यापूर्वी नव्हे, पाच आठवड्यांपूर्वी आला होता. आणि काली काळी नव्हती, लाल होती, नाव त्याच्या आईने देवीचं म्हणून ठेवलं होतं. माफ केलं का, ते मी विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही. त्याला एकच हवं होतं, जे सतरा वर्षांपूर्वी हवं होतं. ते छापून येणार का, असं विचारलं. येणार, म्हटलं. मराठीत? मराठीत. मग वाचणारे सगळे तेच ना, ज्यांनी दूध प्यायलं? तेच. तो समाधानाने खाटेवर मागे टेकला.

म्हणून, मंडळाच्या त्या वर्षीच्या अहवालातल्या वाक्याच्या जागी पुढचं वाक्य वाचावं, आणि ज्यांच्याकडे तो अहवाल असेल त्यांनी त्यात पेनाने लिहावं, ही विनंती: काली आजारी आहे हे रामसेवकने ओळखलं होतं, तिचं दूध त्याने विकलं नाही, वेगळं ठेवलं, घेऊ नका असं दोनदा सांगितलं, आणि डॉ. दातार यांनी ते तरीही नेलं.

निघताना त्याने कॅन पंपावर विसळला आणि दूध भरून माझ्या हातात दिलं. वर वर्तमानपत्राचा कागद बांधला. नको म्हणायचा अधिकार माझा नव्हता. गाडीत मी तो दोन्ही पायांमध्ये धरून बसलो होतो.

मालतीने पातेलं गॅसवर ठेवलं. दूध वर आलं, तिने आच कमी केली. पुन्हा वर आलं. तिसऱ्यांदा येईपर्यंत आम्ही दोघं ओट्याशी उभे होतो, आणि मग चहा केला.